सातवा ठिपका

माझ्या गळ्यावर, डाव्या कानाच्या खाली, तुळस गोंदलेली होती. तुळशीखाली सहा ठिपके होते, तीन-तीनच्या दोन ओळी. सातवा ठिपका कुणी गोंदला नव्हता, तो आपला आपण आला. ही हकीकत त्या सातव्या ठिपक्याची आहे.

लिहायला बसले आहे खरी, पण बसणं हे माझं काम नव्हे. एवढ्या चार ओळी लिहिताना मी दोनदा उठून चुलीवरचं पाणी बघून आले. डॉक्टर म्हणाले दुखणं निघालं, पण ही खोड काही त्यांनी कापून काढली नाही. तरी लिहिते, कारण लहानपणी शेक घेतलेली पोरं आता माझ्यासारखी मोठी झाली असतील, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या आयांनी माझ्या आईसारखंच काहीतरी दडवून ठेवलं असेल.

शेक म्हणजे मशीनमधून देतात ती किरणं. हॉस्पिटलात कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट. आमच्याकडे शेक. नाव ऐकून वाटतं, आईने तव्यावर फडकं गरम करून लावलं असेल. तसं ते नसतं.

जाड दारामागे

माझं माहेर शहापूरजवळचं सापगाव. नव्वद सालच्या आसपास, मी चौथीत असताना, माझ्या मानेत गाठी आल्या. शहापूरच्या डॉक्टरांनी त्या चाचपल्या आणि मुंबईला चिठ्ठी दिली. तिथे कॅन्सर निघाला. मला तो शब्द कुणी सांगितला नाही, पण बाबा जेवता जेवता उठून जायला लागले तेव्हा काहीतरी मोठं आहे हे कळलं. आधी सलाईनमधून औषधं झाली, केस गेले, आणि मग रोजचा शेक सुरू झाला.

त्या खोलीचं दार हातभर जाड होतं. ते लागलं की सगळे बाहेर आणि मी एकटी आत. मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावलेल्या. भिंतीतल्या भोंग्यातून एक काका सांगायचे, हलायचं नाही बाळा. मी जन्माची चुळबुळी. मान हलवता येत नाही म्हटल्यावर मी पायाची बोटं हलवत राहायचे, ती त्यांना दिसत नव्हती असं मला वाटायचं.

गळ्यावर गुलाबी शाईच्या रेघा मारलेल्या असत, त्या धुवायच्या नव्हत्या. शिवाय खाली छातीवर सुईने दोन बारीक ठिपके टोचले होते, रोज मशीन त्याच जागी यावं म्हणून. हे आता जन्मभर जात नाहीत, असं त्या काकांनी सांगितल्यावर आई म्हणाली होती, म्हणजे गोंदणच की. तिच्या डोक्यात ते तेव्हापासून राहिलं असावं.

हळूहळू मानेची कातडी काळी पडली आणि सोलायला लागली. घशाखाली पेजेशिवाय काही उतरेना. पण गाठी गेल्या. घरी सोडायच्या दिवशी एका डॉक्टरबाईंनी आईला समोर बसवलं आणि बराच वेळ बोलल्या. मी खिडकीशी कबुतरं मोजत होते. बाहेर आल्यावर आईने बाबांना एवढंच सांगितलं, की पोरीच्या मानेला ऊन लागू द्यायचं नाय. बाई एवढ्या वेळात एवढंच बोलल्या नसणार, हा विचार मला सोळा वर्षं आला नाही.

आगीच्या नावावर

गावात सांगायचं काय, हा प्रश्न होता. आम्ही माघात गेलो होतो आणि परतलो वैशाखात. मधला सगळा काळ राब भाजायचा. भाताचं रोप जिथे टाकायचं, त्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा रचून जाळतात, तो राब. आईने सांगितलं, पोर राबाजवळ खेळत व्हती, आग अंगावर आली, म्हणून मुंबईला न्यावी लागली. मान काळी, कातडी सोललेली, डोक्यावर केस नाहीत. सगळं त्या आगीच्या नावावर खपलं. तारखांचा हिशेब कुणी केला नाही. उलट सापगावात पुढे कित्येक वर्षं आया आपल्या पोरांना सांगायच्या, राबाजवळ जाऊ नको, तिचं काय झालं बघ.

ऊन टाळायचं आईने मात्र मनावर घेतलं. लावणीत पावसापासून पाठ झाकायला आम्ही बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं घेतो. ते इरलं आई माझ्या डोक्यावर चैत्राच्या उन्हात घालायची. शाळेच्या वाटेवर पोरं विचारायची, पाऊस कवा येनार गो? मी इरलं कुंपणात लपवायचे आणि परत येताना घालून घरी यायचे.

पुढे मी बारावी झाले आणि स्थळं यायला लागली. मानेवरची कातडी तपकिरी राहिली होती, गुळगुळीत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वेगळी. दोन ठिकाणची माणसं चहा पिऊन, मानेकडे बघून गेली आणि निरोप आला नाही. तेव्हा आई मला म्हसाच्या जत्रेला घेऊन गेली. तिथे गोंदणाऱ्या बायका बसतात. आईचं म्हणणं, बघणाऱ्याची नजर गोंदणावर जाईल, कातडीवर नाय जानार.

गोंदणारीने अंगठ्याने माझी कातडी दाबून पाहिली आणि आईला म्हणाली, ही जागा मेलेली हाय, सुई नीट नाय घेनार. आईने राब सांगितला. मग तिने तुळस काढली आणि खाली सहा ठिपके. इतर पोरींचं गोंदण आठ दिवसांत बरं झालं. माझं दीड महिना पाझरत होतं. त्यातून काही शिकायला हवं होतं, पण आम्ही हळद लावत राहिलो.

पुढचंच स्थळ वैशाखरे गावचं, माळशेज घाटाच्या रस्त्यावरचं. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशी रीत आहे. आत्यांनी मला बघितलं आणि हनुवटी धरून मान वळवली. मी पदर वर ओढायला गेले. पण त्या खूश होऊन म्हणाल्या, आताच्या पोरी गोंदत नाय, हिनं तुळस गोंदलीय. आणि बोटाने एकेक ठिपका मोजला. लग्न तिथेच ठरलं म्हणा. सासरी निघताना आई माझ्या कानात म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची.

सात कसे गो

लग्नानंतर मी गावच्या अंगणवाडीत लागले. आमचे हे मुरबाडच्या एका कंपनीत पाळीवर जायचे, शेती आत्या बघायच्या. मुलगी झाली. बरं चाललं होतं. दर रविवारी दुपारी आत्या पडवीत बसून माझ्या डोक्याला तेल लावायच्या, आणि ती वेळ सोडली तर मी दिवसभरात कुठे टेकायची नाही, असं त्या शेजारणींना कौतुकाने आणि तक्रारीने सांगायच्या.

दोन हजार सहा सालच्या पावसाळ्यातला असाच एक रविवार. तेल लावता लावता त्यांचा हात थांबला.

"सात कसे गो?"

मी म्हटलं, आधीपासूनच असतील. त्यांनी बोट दाबून धरलं.

"नाय. तुला बघाय आले तवा मोजले व्हते. सहा. गोंदण फिकं व्हतं, वाढत नाय."

आरशात बघितलं तर खालच्या ओळीच्या शेवटी आणखी एक काळा ठिपका होता, मोहरीएवढा, तुकतुकीत. दुखत नव्हता, खाजत नव्हता. आत्यांनीच मला मुरबाडच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ही कातडी अशी का? मी सांगितलं, लहानपणी राबात भाजलं. आत्या शेजारीच होत्या. त्यांनी वर भर घातली, की वारा फिरला आणि आग उलटली. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत ती आग त्यांच्याही डोळ्यांसमोर उभी राहिली होती.

डॉक्टरांना वाटलं, गोंदणाच्या शाईचा त्रास आहे. त्यांना तेच वाटणार, मी दुसरं काही वाटायला जागाच ठेवली नव्हती. एक मलम झालं, मग दुसरं. पाच महिन्यांत मोहरीचा मसुरापेक्षा मोठा दाणा झाला, मधोमध खड्डा पडला आणि एक दिवस ब्लाउजच्या काठाला रक्त लागलं.

त्या पाच महिन्यांत माझ्या पायाला भिंगरी लागली. अंगणवाडीत एकाच पोराचं वजन मी तीनदा केलं आणि तिन्ही वेळा वहीत लिहायची विसरले. घरातून रस्त्यावर यायचं, घाटाकडे जाणारे ट्रक बघायचे, परत घरात जायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. मानेवर जुनी जागा आहे आणि त्याच जागेवर हे आलं आहे, एवढं मला कळत होतं. त्याचा अर्थ काय ते कुणाला विचारायचं तर आधी राब खोटा होता म्हणावं लागणार होतं.

पट्टी लावून

रक्त आल्यावर ह्यांनी सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं कल्याणला कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं. ठिपका बघून झाल्यावर ते बोटाने माझ्या तपकिरी कातडीच्या कडेवरून फिरत गेले, कानामागून खाली, मग वळून सरळ गळ्याच्या खळीपर्यंत.

"आग अशी पट्टी लावून आखल्यासारखी भाजत नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, राबच होता. ह्यांनी लगेच दुजोरा दिला, हो डॉक्टर, लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं त्यांनी. केवढ्या विश्वासाने बोलले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि माझी लाज वाटली, दोन्ही एकदम.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवसांनी परत बोलावलं. तो दिवस मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतो. पंखा कुरकुरत होता. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, म्हणजे मला तसं दिसलं. मग सांगितलं, कातडीचा कॅन्सर आहे. हा सहसा लांब पसरत नाही, पण जागेवर खात जातो, ठेवून चालणार नाही. तुमच्या वयाला हा असा होत नाही, असंही म्हणाले. आत्यांनी पदर तोंडाला लावला. ह्यांनी विचारलं, आता काय करायचं. डॉक्टर म्हणाले की मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात ठरवतील, कापून काढतील, नाहीतर काही वेळा शेकही देतात.

आत्या म्हणाल्या, मग शेकच द्या, गळ्यावर सुरी नको. ह्यांनाही तेच बरं वाटलं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला आधी कधी शेक दिलेला नाही ना? हे फार महत्त्वाचं आहे."

"नाही," मी म्हटलं.

आजही तो शब्द आठवला की मी उठून फेऱ्या मारते. का म्हणाले? ह्या दोघांच्या समोर माझी जीभच वळली नाही. फसवून लग्न केलं म्हणतील, मला सापगावला नेऊन सोडतील, तीन वर्षांची पोर इथेच ठेवून घेतील. कॅन्सरची भीती होतीच, पण त्या खुर्चीत बसले असताना ती दुसऱ्या नंबरावर होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

कणगीतली पिशवी

मुंबईची तारीख पुढच्या सोमवारची होती. शुक्रवारी मला राहवेना. माहेरहून वालाच्या शेंगा घेऊन येते म्हणून सांगितलं आणि निघाले. मुरबाडला गाडी बदलली. शहापूरच्या एसटीत जागा असूनही मी उभी होते. कंडक्टर म्हणाला, ताई, बसायचे पण तेवढेच पैसे.

आई अंगण सारवत होती. मी चपलाही न काढता विचारलं, "आये, त्या डॉक्टरबाई शेवटी काय बोलल्या?"

आधी ती उन्हाचंच म्हणाली. मग माझा गळा बघितला. शेणाचे हात धुतले, आत गेली, भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. माझी फाईल. दरवर्षी नवं भात भरताना ती पिशवी बाहेर काढायची आणि वर भात ओतायच्या आधी परत तळाशी ठेवायची. उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता. कागदांना भाताचा वास येत होता.

सगळं इंग्रजीत होतं, पण शेवटच्या पानावर खाली बाईंनी मराठीत लिहिलं होतं, कारण आई चौथी शिकलेली होती. या जागेवर पुन्हा शेक देऊ नये. या कातडीला ऊन लागू देऊ नये. इथे नवा डाग, गाठ किंवा न भरणारी जखम दिसली, तर कितीही वर्षांनी का होईना, ताबडतोब दाखवावे.

तीन वाक्यं होती. आईने मधलं तेवढं आम्हाला दिलं होतं.

"मला वाटलं, बोललं तर व्हईल," आई म्हणाली. "नाय बोललं तर नाय व्हनार."

मी खूप बोलले. तुला उन्हाचं सांगता आलं आणि हे नाही, असं म्हटलं. सोमवारी माझ्या ह्याच मानेवर शेक देऊन घेतला असता मी, असं म्हटलं. ती म्हणाली, तुझं लगीन झालं नसतं. मी विचारलं, आणि आता? ती उंदराने खाल्लेला कोपरा बोटांनी सरळ करत बसली. मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही, फाईल घेतली आणि परतीची गाडी पकडली. वालाच्या शेंगा राहिल्याच.

वारा पण नव्हता

घरी आले तेव्हा आत्या पडवीत सुपात नाचणी निवडत होत्या आणि हे पाळीवरून येऊन पाय धूत होते. मी फाईल त्या सुपात, नाचणीवरच ठेवली. नाहीतर मीही ती ट्रंकेत दडवली असती, माझा मला भरवसा नव्हता.

ह्यांनी शेवटचं पान मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा मनातल्या मनात वाचलं. आत्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे राब?"

"राब नव्हता, आत्या."

"वारा फिरला तो?"

"वारा पण नव्हता."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी उभीच होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"सांगितलं असतंस तर मी तुला सून केली नसती," आत्या म्हणाल्या. "म्हनून आमाला नाय सांगितलंस, ते समजलं. पन डॉक्टरला नाय सांगितलंस. तो काय तुला बघाय आलेला?"

मग त्यांनी तुळशीचं विचारलं, ती पण त्याच्यासाठीच का. मी हो म्हटलं. त्या उठून गोठ्याकडे गेल्या. राबापेक्षा त्यांना ते जास्त लागलं, आणि त्यांचं बरोबर होतं. त्या तुळशीवर जीव टाकून त्यांनी मला घरात आणलं होतं.

हे एवढंच म्हणाले, "मी छातीठोकपणे सांगितलं त्यांना, राब म्हणून." पण सोमवारी फाईल त्यांनीच पिशवीत घातली, आणि हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

बोटं हलव

मुंबईच्या डॉक्टरांनी फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि शेकाचा विषय तिथेच संपवला. दुसऱ्यांदा दिला असता तर ती जागा सडत गेली असती, असं सरळ तोंडावर सांगितलं. ऑपरेशन ठरलं. ठिपका आणि त्याच्या भोवतीची कातडी काढायची आणि मांडीची कातडी तिथे लावायची. शेक घेतलेली जागा धड भरत नाही, म्हणून ही नवी कातडी धरेल का, हाच घोर होता. आठ दिवस मान हलवायची नाही, असा हुकूम झाला.

भुलीतून जागी झाले तर मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मी परत नऊ वर्षांची झाले. त्याच क्षणी उठून पळावंसं वाटलं. छत, पंखा, छत. पहाटे पारा लावून ताप बघायला सिस्टर, मग फिनेलची बादली घेऊन मावशी, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि मग संपूर्ण दिवस, ज्यात काहीच करायचं नसतं. बसवत नाही अशा बाईला कुणी शिक्षा द्यायचीच ठरवली असती तर याहून चांगली सापडली नसती.

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. आत्या आल्या. माझ्याशी त्या कामापुरतंच बोलत होत्या, म्हणजे मुख्यतः "हलू नको". दुसऱ्या दिवशी माझी आईही आली. दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसल्या, एकमेकींकडे न बघता. आईने मोसंबं सोललं. माझ्या तोंडापर्यंत तिचा हात पोचेना, मधे सलाईनचा दांडा होता. तिने फोड आत्यांच्या पुढे धरली. आत्यांनी जरा वेळ ती बघितली, मग घेतली आणि मला भरवली. असं पूर्ण मोसंबं संपलं.

चौथ्या दिवशी मला अगदीच असह्य झालं. रडले तर मान हलणार, म्हणून रडताही येईना. चादरीखाली मी पायाची बोटं हलवायला लागले. आत्यांचं लक्ष गेलं. मला वाटलं, आता ओरडतील.

"बोटं हलव," त्या म्हणाल्या. "बोटांना कोन नाय बोललेलं."

आणि चादर जरा वर करून माझे तळवे चोळत बसल्या. तेव्हा मी रडले, मान न हलवता जेवढं रडता येतं तेवढं.

आठव्या दिवशी पट्टी उघडली. डॉक्टरांनी बोटाने दाबलं, सोडलं, परत दाबलं. कातडीने धरलं होतं. एका कडेला थोडी काळी पडली, ती भरायला पुढे तीन महिने लागले, पण धरलं.

आवसेच्या सकाळी

ऑपरेशनमध्ये सातव्या ठिपक्याबरोबर खालच्या ओळीचे तीन ठिपकेही गेले. तुळस आणि वरच्या ओळीचे तीन ठिपके राहिले. ठिपका पूर्ण निघाला, पण घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की शेक घेतलेली बाकीची कातडी तीच आहे. तिथे पुन्हा येऊ शकतो, लवकर येईल, उशिरा येईल, येणारही नाही. दर महिन्याला कुणाकडून तरी बघून घ्या, मानेची मागची बाजू आपल्याला आपली दिसत नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. आत्या म्हणाल्या, मी बघनार.

तारखा आत्यांना कळत नाहीत, आवस कळते. म्हणून दर आवसेच्या सकाळी त्या मला अंगणात पाट टाकून, पाठमोरी बसवतात. केस वर धरतात, कानामागून बोट फिरवत खाली येतात, पुढे येतात, आणि मोजतात. "तीन." पहिले काही महिने त्या मला कामाव्यतिरिक्त बोललेला हा एकच शब्द होता. पण तो ऐकेपर्यंत मी गुडघ्यावर हात ठेवून गुमान बसायची, आणि ऐकला की दिवसभर पाय जरा सावकाश चालायचे.

पहिल्या चैत्रात त्यांनी काही न विचारता गावातल्या बुरुडाकडून लहानसं इरलं करून आणलं आणि माझ्या चपलांवर ठेवून दिलं. सव्वीस वर्षांची बाई, भर उन्हात इरलं घालून अंगणवाडीत. रस्त्यावर कुणीतरी हटकलंच, काय गो, पाऊस कुठं हाय? मी कुंपण शोधायला लागले. मागून आत्यांचा आवाज आला, हिला लहानपनी शेक दिलाय, ऊन चालत नाय. जी गोष्ट आईने सोळा वर्षं भाताखाली दाबली होती, ती आत्यांनी भर रस्त्यात सांगून टाकली. मग त्यांना ती सवयच लागली. दाताच्या डॉक्टरला, लस टोचायला आलेल्या सिस्टरला, लग्नात अक्षता वाटणाऱ्या बाईलासुद्धा. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हळूहळू लक्षात आलं की ऐकणारी माणसं दोन मिनिटं हळहळतात आणि आपापल्या कामाला जातात. एवढ्यासाठी आम्ही एवढी मोठी आग रचली होती.

ज्यांना लहानपणी शेक दिला आहे, त्यांना माझं सांगणं फार नाही. आपली फाईल शोधा. शेवटचं पान वाचा. आणि डॉक्टरने विचारायच्या आधी सांगा, शेजारी कोणीही बसलेलं असो.

मला स्वतःला हे कितपत जमतं, ते मात्र ऐका. ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती. पौषातली आवस होती, अंगणात थंडी होती. आत्यांचं बोट कानामागून खाली आलं, थांबलं, परत वर जाऊन परत खाली आलं.

"चार."

मी उठून उभी राहिले. अंगणातून पडवीत गेले, पडवीतून अंगणात आले, तांब्या उचलला, ठेवला. तोवर आत्यांनी लुगडं बदललं होतं आणि फाईल काखेत धरली होती. पोरीला शेजारी सोडलं आणि मिळेल ती एसटी धरून आम्ही दुपारपर्यंत कल्याणला पोचलो, त्याच कातडीच्या डॉक्टरांकडे. तिथे आता एक नवे डॉक्टरही बसत होते, आणि आमचा नंबर त्यांच्याकडे लागला. टेबलापलीकडे तरुण मुलगा, कोरा कागद, हातात पेन. त्यांनी विचारलं, काय होतंय? मी तोंड उघडलं आणि खरं सांगते, पुन्हा जीभ वळेना. तीच जुनी भीती, घरात सगळ्यांना सगळं माहीत असूनही.

आत्या खुर्चीला टेकल्यासुद्धा नव्हत्या. त्यांनी फाईल त्या कोऱ्या कागदावर ठेवली.

"हिला लहानपनी शेक दिलेला हाय, गल्याला. पयलं ते लिवा. बाकीचं मंग विचारा."

डॉक्टर गोंधळले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. म्हणाले, आजी, पेशंट कोण आहे?

"पेशंट ही," आत्या म्हणाल्या. "सांगनारी मी."

डॉक्टर लिहायला लागले. मी खुर्ची ओढली आणि बसले.